निवृत्तीनंतरचे दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या शाळांत ३४ वर्षं शिकवून मी निवृत्त झाले, त्याला आता ९ वर्षं होतील. साताऱ्यातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत आठवड्यातून तीन सकाळी मी बसते. नव्यानं येणारी माणसं आधी वर्गणी विचारतात, मग पंखा विचारतात आणि उठता उठता खरा प्रश्न विचारतात. ते प्रश्न आणि त्यांना मी देते ती उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. इथे सगळे मला 'बाई' म्हणतात, म्हणून प्रश्नही तसेच ठेवले.

बाई, रिटायर होऊन दोन महिने झाले. घरात काही कमी नाही, तरी कशात जीव रमत नाही. माझं काही बिघडलंय का?

काही बिघडलेलं नाही. माझंही असंच झालं होतं.

शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून आहे. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांची तीच आहे. मुलाचं नाव घालायला आलेल्या आईबापांना खरी तारीख ठाऊक नसायची, मग गुरुजी १ जून लिहून घ्यायचे. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो, म्हणून मी ३१ मेला निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं, फोटो सगळं झालं. सुट्टी चालूच होती, त्यामुळे पहिले पंधरा दिवस काही जाणवलं नाही. मग जूनच्या मध्यावर शाळा उघडली. पाऊस लागला होता, नवे रेनकोट घातलेली पोरं रस्त्यानं चालली होती, आणि मी साडी नेसून, डबा भरून दारात उभी होते. जायचं कुठेच नव्हतं. त्या दिवशी मी खूप रडले.

पुढे विचार करता करता मला एक गोष्ट उमगली. पगार बंद होतो त्याची पेन्शननं थोडीफार भरपाई होते. पण एक दिवस गेलो नाही तर 'बाई, काल का नव्हता?' असं विचारणारं कोणी उरत नाही. आपल्या नसण्याचा खाडा कुठल्याच हजेरीत पडत नाही. म्हणून छंद शोधायला निघालेल्या माणसाला मी आधी सांगते, जिथे तुमचा खाडा पडेल अशी एक जागा शोधा. ती देवळातली काकडआरती असेल, वाचनालय असेल, टेकडीवरचा घोळका असेल किंवा शेजारच्या पोरीचा गणिताचा तास असेल. एकच असली तरी पुरते.

मात्र झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नकोसं वाटू लागलं आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं, तर ती निवृत्तीची हुरहूर समजून अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे जा. १४४१६ हा 'टेली-मानस'चा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं.

संघात येऊन नेमकं करता काय?

व्यायाम, थोडं हसणं, थोडं वाचन, वाढदिवस आणि भरपूर गप्पा. हसण्याचे क्लब तर महाराष्ट्राचीच देणगी आहेत. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत मोजक्या माणसांना घेऊन पहिला क्लब सुरू केला आणि तो प्रकार जगभर गेला. राज्यातले बरेच ज्येष्ठ नागरिक संघ 'फेस्कॉम' या महासंघाला जोडलेले आहेत. तुमच्या गावात संघ आहे का, हे नगरपालिकेत किंवा वाचनालयात विचारलं तरी कळतं.

पण आमच्या संघातलं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे एक साधी दोनशे पानी वही. आलेल्या माणसानं सही करायची. सलग दोन दिवस सही दिसली नाही की तिसऱ्या दिवशी फोन जातो. फोन उचलला नाही तर दोघं जण घरी जातात. दोन वर्षांपूर्वी एका एकट्या राहणाऱ्या काकूंचा फोन असाच वाजत राहिला. आम्ही गेलो तर दाराला आतून कडी, आणि काकू तापानं ग्लानीत. शेजारच्या मुलानं खिडकीतून हात घालून कडी काढली. आठ दिवसांत त्या पुन्हा सहीला हजर. तेव्हापासून एकटं राहणाऱ्या प्रत्येकानं आतून नुसती कडी न लावता बाहेरून किल्लीनं उघडेल असं कुलूप बसवावं आणि एक किल्ली शेजारी ठेवावी, असा आमचा आग्रह आहे. संघ नसेल तर चार घरांनी मिळून अशी वही आजही सुरू करता येईल. तिला नोंदणी लागत नाही, निधी लागत नाही.

रोज किती चालावं? मी अजिंक्यतारा चढतो, तेवढं पुरे ना?

चढता ना, मग फार छान. जागतिक आरोग्य संघटना सांगते की आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालणं किंवा तसलाच व्यायाम हवा. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. पण त्याच सल्ल्यात पुढचं एक वाक्य आहे, ते आपली माणसं वाचतच नाहीत. स्नायूंना ताकद देणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस हवा आणि ६५ च्या पुढे तोल सांभाळण्याचा सराव किमान तीन दिवस हवा.

चालण्यानं हृदय सुधारतं. पडण्यापासून मात्र मांड्या आणि तोल वाचवतात. म्हातारपणात खुबा मोडला की माणूस घराबाहेर पडायचा थांबतो, आणि बाहेर पडणं थांबलं की त्याचं जगच आखडतं. हे मी जवळून पाहिलंय. यासाठी जिम नको. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठाबसा. चहाला आधण ठेवलं की ओट्याला एक हात लावून एका पायावर उभं राहा, मग दुसऱ्या. जमिनीवर बसून उठण्याची सवय जोवर जमते तोवर सोडू नका. गुडघे दुखत असतील तर फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून मगच ठरवा. गड उतरताना काठी घ्या, चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्याला जड जातं. गडाच्या वाटेवरच्या 'चार भिंती' या ठिकाणापर्यंत जाऊन परत येणाराही व्यायामच करतो, गड सर केला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नये.

आणि न्हाणीघरात धरायला दांडी बसवा. सत्तरी येईपर्यंत थांबू नका.

फंड-ग्रॅच्युइटीचे पैसे आले. मुलगा फ्लॅटसाठी मागतोय. द्यावे का?

मी आर्थिक सल्लागार नाही, पण या खोलीत बसून जे ऐकलंय त्यावरून सांगते. सगळे देऊ नका. द्यायचे तेवढे द्या आणि उरलेले स्वतःच्या नावावर ठेवा. प्रेम कमी आहे म्हणून हे सांगत नाही. पुढच्या पंचवीस वर्षांचं औषधपाणी मुलाकडे मागावं लागलं, तर त्या प्रेमावरच ताण येतो.

पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बऱ्याच जणांना सोयीची पडते. मुदत ५ वर्षं, मर्यादा ३० लाख, व्याज दर तिमाहीला. ६० पूर्ण नसली तरी ५५ च्या पुढे निवृत्त झालेल्यांना निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत तिच्यात भाग घेता येतो. ७० पार केलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, त्याला उत्पन्नाची अट नाही. आधार घेऊन जा आणि कार्ड काढून ठेवा, आजारी पडायची वाट पाहू नका.

घराचं बक्षीसपत्र करायची घाई कोणी करत असेल तर थांबा. २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. म्हणून ती अट दस्तातच स्पष्ट लिहून घ्या, तोंडी ठेवू नका. तक्रारीसाठी प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. कुठे जायचं हेच कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनला फोन करा.

बाई, यांना निवृत्ती मिळाली. मला कधी मिळणार?

हा प्रश्न मला पहिल्यांदा एका काकूंनी विचारला तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. चाळीस वर्षं पोळ्या लाटणारीच्या हातात शाल-श्रीफळ कोणी देत नाही. उलट नवरा घरी बसला की दोनदाचा चहा चारदा होतो. मी नोकरी केली, तरी घरातली दुसरी नोकरी माझीही सुटली नव्हती. त्यामुळे हे मी मनापासून लिहितेय. घरकामाची वाटणी निवृत्तीच्या पहिल्याच महिन्यात बोलून ठरवा. सकाळचा चहा आणि एक वेळची भाजी यांनी करायची. नाही येत म्हणाले तर शिकवा, माणूस साठाव्या वर्षी कुकर लावायला शिकतो. मी शिकलेले पाहिलेत.

आणि तुम्ही स्वतः दिवसातला एखादा तास दार ओढून घेऊन बाहेर पडा. भजनी मंडळ, भिशी, बचतगट, पोथी, काहीही. या तासाला घरात विरोध होतो तो बहुतेक वेळा पहिले पंधरा दिवस, मग घर त्याला सरावतं.

शिकायचं राहून गेलं असेल तर मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव आठवा. ८ मार्च २०१६ ला तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या, सत्तरीच्या, त्याहून मोठ्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन दुपारी अक्षरं गिरवायला येऊ लागल्या. काहींना नातवंडं घरचा अभ्यास करायला मदत करत. मी आयुष्यभर सहा वर्षांच्या हातात पाटी दिली. सत्तरीच्या हातात ती कशी दिसत असेल, या विचारानंच माझ्या डोळ्यांत पाणी येतं. आमच्या संघात आता दोघी जणी माझ्याकडे सही करायला शिकल्या, आणि बँकेत अंगठ्याऐवजी सही केली तेव्हा पेढे घेऊन आल्या.

आम्ही दोघं दिवसभर समोरासमोर असतो आणि सारखी खडाजंगी होते. पूर्वी असं नव्हतं.

पूर्वी दिवसातले नऊ-दहा तास तुम्ही वेगवेगळे होता. भांडणाला वेळच नव्हता. दोघांच्या दोन वेगळ्या सकाळी ठेवा. ते टेकडीवर, तुम्ही भजनाला, आणि अकराला चहावर भेटायचं. मग सांगायला काहीतरी असतं. वर्तमानपत्र दोन घ्यावं लागलं तरी चालेल.

नातवंडं सांभाळतो, त्यातच दिवस जातो. हे पुरेसं नाही का?

नातवंडांसारखं सुख नाही. पण एक ध्यानात ठेवा, नातवंडं मोठी होतात. दहाव्या वर्षी त्याला क्लास असतो, बाराव्या वर्षी त्याच्या खोलीचं दार बंद असतं, आणि त्यात त्याची काही चूक नसते. तोवर तुम्ही स्वतःचं सगळं सोडून दिलं असेल तर निवृत्ती दुसऱ्यांदा येते, आणि ही दुसरी जास्त लागते. आठवड्यातला एक दिवस आधीच मागून घ्या. सून-मुलगा समजून घेतात, फक्त सांगावं लागतं. मनात कुढत सांभाळू नका, पोरांना ते कळतं.

मुलं परदेशात असतील तर तिथे सहा महिने जाणाऱ्यांचीही हीच गोष्ट. पहिला महिना कौतुकाचा. नंतर सगळे कामाला गेले की घर सुनं, गाडी चालवता येत नाही, पायी जावं अशी दुकानं जवळ नाहीत. तिथल्या महाराष्ट्र मंडळाचा पत्ता निघायच्या आधी काढा, जवळचं सार्वजनिक वाचनालय शोधा. आणि साताऱ्याच्या मैत्रिणीला ठरलेल्या वारी फोन करायचं तिकडूनही चालू ठेवा.

या वयात नवीन काय शिकणार?

महर्षी कर्वे फर्ग्युसनमधून गणिताचे प्राध्यापक म्हणून १९१४ मध्ये निवृत्त झाले. बायकांसाठीचं विद्यापीठ त्यांनी काढलं १९१६ मध्ये, म्हणजे निवृत्तीनंतर. वयाच्या ७१ व्या वर्षी, १९२९ मध्ये, ते जगाच्या प्रवासाला निघाले. ७८ व्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ सुरू केलं. शंभरी गाठली त्या वर्षी भारतरत्न मिळालं. आपण कर्वे नाही, मान्य. पण साठी म्हणजे शेवट असं म्हणायला त्यांच्यासमोर जीभ रेटत नाही.

माझ्या मनातलं एक काम सांगते. मोडी, म्हणजे पूर्वी मराठी जिच्यात लिहीत ती लिपी, शिका. आपल्या जुन्या दप्तरांचा, जमिनीच्या नोंदींचा, पत्रांचा प्रचंड साठा मोडीत पडून आहे आणि वाचणारे थोडे. २०२३ मध्ये जुन्या कागदांतून कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी जाणणाऱ्यांना गावोगाव शोधावं लागलं. रोज तासभर बसलं तर काही महिन्यांत अक्षरं लागतात, पुढे सरावानं हात बसतो. घाई नसलेल्या, चष्मा लावून शांत बसणाऱ्या माणसाचंच हे काम आहे, तरुणांना त्याला वेळ कुठला. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेत आलं आहे. आमच्या संघातले एक निवृत्त तलाठी मोडी शिकले आणि आता लोक आजोबांच्या काळची कागदपत्रं घेऊन त्यांच्या दारात येतात. ते सकाळी केस विंचरून बसतात. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलंय त्याला मी समाधान म्हणते.

राहिलेली पदवी पुरी करायची असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. तिथे वय आडवं येत नाही.

हे गेले. आता कोणासाठी उठायचं?

या प्रश्नाला मी लगेच उत्तर देत नाही. चहा मागवते.

माझे यजमान गेले त्याला ४ वर्षं झाली. पहिले काही महिने लोक येतात, मग येणं थांबतं, आणि खरा एकटेपणा तेव्हा सुरू होतो. दिवस कसाबसा सरतो, दिवेलागणीची वेळ खायला उठते. म्हणून मी सकाळचं नव्हे, संध्याकाळी सहाचं काम शोधलं. शेजारच्या दोन मुलांचा पाढ्यांचा तास. मी आजारी असले तर ती दारात येऊन विचारतात. दुसरं, स्वयंपाक एकटीपुरता असला तरी करा, ताट वाढून घ्या, भांड्यातून उभ्याउभ्या खाऊ नका. त्यांचे कपडे आवरायची घाई कोणी केली तर ऐकू नका, तुमच्या मनाला येईल तेव्हा आवरा. हळदीकुंकवाला बोलावलं तर जा. कोणी बोलवत नसेल तर तुम्ही बोलवा. आमच्या संघात गेली तीन वर्षं संक्रांतीला सगळ्या बायकांना वाण मिळतं, कोण सवाष्ण आणि कोण नाही हे विचारलं जात नाही.

आणि पुन्हा जोडीदार हवासा वाटला तर त्यात लाज नाही. पुरुष तर अनेकदा तोंड उघडून बोलत नाहीत. मुलांशी आधी बोला, मालमत्तेचं आधी लिहून ठेवा, मग समाजाची फिकीर करू नका.

मोबाईलवर पोलीस बोलत होते, पैसे भरा म्हणाले. काय करू?

फोन ठेवा. 'डिजिटल अटक' असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि पैसेही मागत नाहीत. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा, जितकं लवकर तितके परत मिळण्याची आशा जास्त. आणि घरात सांगा. लाजेपायी गप्प बसलेल्या माणसांचं नुकसान दुसऱ्यांदाही झालेलं मी पाहिलंय.

प्रवास झेपेल का? वारीला जायची फार इच्छा आहे.

एसटीचं बघा : ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ ला निम्मं भाडं, आणि मार्च २०२३ पासून बायकांना कोणत्याही वयात निम्मं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० ला बंद झाली.

वारीचं म्हणाल तर आळंदी ते पंढरपूर सगळं एकदम कशाला? माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते. लोणंद ते तरडगाव हा टप्पा छोटा आहे, आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. तेवढं चाला. आधी दोन महिने रोजचं चालणं वाढवत न्या, डॉक्टरांना विचारा, औषधं आणि घरच्या फोन नंबरची चिठ्ठी कमरेच्या पिशवीत ठेवा, नवी चप्पल घालू नका. एकटं जाऊ नका, दिंडीत नाव द्या. दिंडीतही संध्याकाळी माणसं मोजतात.

मला संघात यायचंय, पण पहिल्या दिवशी एकट्यानं यायला संकोच वाटतो.

सगळ्यांनाच वाटतो. बँकेचे एक निवृत्त मॅनेजर तीन दिवस फाटकापर्यंत येऊन परत गेले होते. चौथ्या दिवशी मीच रस्त्यावर जाऊन त्यांना आत आणलं. आता सतरंज्या तेच घालतात. तुम्ही सोमवार, बुधवार किंवा शुक्रवारी सकाळी साडेसहाला या. बूट-चप्पल कोणतीही चालेल, पाण्याची बाटली आणा. दारातून आत आलात की उजव्या हाताला टेबलावर वही असते, तिला दोऱ्यानं पेन बांधलेलं आहे. आधी सही करा, ओळखी नंतर होतील.